मुंबईत रंगकामाचा छोटा धंदा सुरू करायचाय? मग आधी भिंत बघायला शिका

पेंटिंगचं स्वतःचं काम सुरू करायचंय म्हणून जो कोणी भेटतो तो पहिलं हेच विचारतो, भांडवल किती लागेल? भांडवल फार नाही लागत हो. एक ८ फुटी घोडी (दोन्ही बाजूंना पाय असलेली, आपली आपण उभी राहणारी शिडी), एक शिडी, २ आणि ४ इंची ब्रश, दोन-तीन रोलर, लांबी (भिंत गुळगुळीत करायची पुट्टी) ओढायचे पत्रे, स्क्रॅपर, पॉलिश पेपरचा गठ्ठा, मास्किंग टेप, बादल्या, जुन्या चादरी, प्लास्टिक आणि एक चांगला फोकस लाइट. मी सुरू केलं तेव्हा हे सगळं १५ हजारांच्या आत बसलं होतं, आज थोडं जास्त धरा. नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारली की हत्यारं एकाच फेरीत होतात. रंगाचा माल पार्टीच्या, म्हणजे काम देणाऱ्याच्या, अ‍ॅडव्हान्समधून येतो, खिशातून घालायचा नसतो, आणि जो खिशातून घालतो तो दुसऱ्या-तिसऱ्या कामाला अडकतोच.

मग पैसे बुडतात कुठे? तर पहिल्या व्हिजिटला. आपण घर बघायला जातो, चहा पितो, भिंतीकडे नजर टाकतो आणि अंदाजे एक आकडा तोंडातून काढतो ना, तिथेच. डबा उघडायच्या आधीच नफा-नुकसान ठरलेलं असतं. मी ६ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं, हात चांगला बसला होता, लांबी आरशासारखी ओढायचो, तरी स्वतःचं सुरू केल्यावर पहिल्या वर्षी घरखर्चाला मजुरीपेक्षाही कमी पैसे सुटले. कारण हात शिकलो होतो, बघायला शिकलो नव्हतो.

तर बघायचं कसं ते आधी सांगतो.

भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत जा, खालून वर, कोपऱ्यापासून. टणक आवाज आला तर गिलावा धरून आहे, ढबढब आवाज आला तर गिलावा सुटलाय, तिथे रंग नाही, आधी गवंडी लागणार. मग तळहात घासा. हाताला पांढरी पावडर लागली म्हणजे खाली चुना नाहीतर जुना डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा स्वस्त रंग) आहे, तो पूर्ण खरवडल्याशिवाय वर काहीही मारलं तरी पोपडे धरून सोलून निघतं. व्हाइट सिमेंटची पुट्टी अशा भिंतीवर ओढणारे लोक मी पाहिलेत, स्वस्त पडते म्हणून. ती कोऱ्या गिलाव्यासाठी असते. जुना रंग ठेवून वर काम करायचं असेल तर डब्यात येते ती अ‍ॅक्रिलिक पुट्टी, नाहीतर सरळ गिलाव्यापर्यंत खरवडा.

आणि ओल. मुंबईत अर्धी भांडणं ओलीवरून होतात. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीच्या खालचा पट्टा, टॉप फ्लोअरचा स्लॅब, तळमजल्याच्या भिंतीचे खालचे दोन फूट, हे चार ठिकाणं न चुकता बघायचे. शंका असेल तर दोन बाय दोन फुटाचं प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरून जमले तर नुसता हवेतला दमटपणा. भिंतीत पाणी असलं की विटा-सिमेंटमधला क्षार विरघळून बाहेर येतो, रंगाच्या थराखाली त्याचे खडे बनतात आणि तेच रंगाला आतून ढकलून पाडतात, आपण ज्याला लोणा लागला म्हणतो तो हाच. कितीही महागडा रंग मारा, पाणी यायचं थांबलं नाही तर लोणा पुन्हा येणारच.

मी हे दादरच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये शिकलो. मार्चमध्ये काम केलं, भिंत खडखडीत कोरडी दिसत होती, काकूंनी फक्त म्हटलं होतं की पावसात जरा डाग येतो. मी म्हटलं काळजी नको, लांबी मारतो. जुलैत फोन आला, भिंतीवर नकाशा उमटलाय. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून गळत होतं आणि वरचे नि खालचे दोन वर्षं बोलत नव्हते. मी त्या भांडणात पडलो नाही पण भिंत मात्र फुकटात पुन्हा करून दिली, कारण मी लिहून काहीच दिलं नव्हतं. आता ओल दिसली की मी फोटो काढतो, त्याच फोटोवर बोटाने लाल गोल करतो आणि पार्टीला पाठवतो, की गळती बंद केल्याशिवाय या भागाची गॅरंटी नाही. त्याने काम गेलं असं आजवर एकदाच झालं.

आता माप. इथे नवीन माणसं हमखास टोपी घालून घेतात आणि घालणारे ते स्वतःच असतात. धंद्यात एक सरधोपट हिशोब चालतो की कार्पेट एरियाच्या तीनपट रंगवायचा एरिया धरायचा. मोठ्या हॉलला तो बरोबर बसतो. २० बाय १५ चा हॉल, उंची ९ फूट. चारी भिंतींची लांबी ७० फूट, गुणिले ९ म्हणजे ६३० चौरस फूट (धंद्यात नुसतं फूट म्हणतात), वर सीलिंग ३००, एकूण ९३०. कार्पेट ३००, म्हणजे तिप्पट नि थोडं वर. आता चाळीतली १० बाय १२ ची खोली घ्या, उंची तीच. भिंती ४४ गुणिले ९ म्हणजे ३९६, सीलिंग १२०, एकूण ५१६. कार्पेट १२०, म्हणजे चारपटीच्याही वर! खोली जितकी लहान तितक्या भिंती जास्त. समजा तुमचा रेट फुटाला २० रुपये आहे. तिप्पट धरून भाव दिला तर ७,२०० होतात, टेप लावून मोजलं तर १०,३२०. तीन हजारांचा फरक एका खोलीत, आणि तुमचा नफा तेवढाच होता. जुन्या चाळींत तर उंची दहा-अकरा फूट असते, फरक अजून वाढतो. म्हणून टेप काढायची, लाजायचं नाही. दारं-खिडक्यांचं वजा करायचं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा आधीच सांगून टाका, मी छोट्या खिडक्या वजा करत नाही कारण त्यांच्या कडा रंगवायला उलट वेळ जास्त जातो, मोठी फ्रेंच विंडो असेल तर करतो.

माल किती लागेल हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते गुळगुळीत भिंतीसाठी असतं. चांगल्या इमल्शनवर (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) दोन हाताला, म्हणजे दोन थरांना, लिटरमागे १२० ते १४० फूट लिहिलेलं दिसेल, मी साइटवर १००च धरतो. म्हणजे त्या ५१६ फुटाच्या खोलीला ५ लिटर, एक ४ लिटरचा आणि एक १ लिटरचा. पुट्टीची ४० किलोची गोणी बऱ्या भिंतीवर दोन हातात साधारण ४०० फूट जाते, खडबडीत भिंतीवर त्याच्या निम्मीही जात नाही. शेड मशीनवर बनवून घेताना एका भिंतीचा सगळा रंग एकदमच बनवून घ्या, मध्येच कमी पडला आणि दुसऱ्या दुकानातून आणला की ट्यूबलाइट लावल्यावर भिंतीच्या मधोमध सांधा दिसतो.

पाणी किती घालायचं हेही डब्यावर लिहिलेलं असतं. तिथे आपली अक्कल चालवायची नाही. पातळ केलं की रोलर पळतो, पोरं खूश, पण मग तिसरा हात मारावा लागतो.

भाव देताना काय लिहायचं

वही-छापील कोटेशन नसलं तरी चालेल, व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत साधा मेसेज चालतो पण तो पाहिजेच. काम फक्त मजुरीवर आहे की मालासकट, कुठल्या कंपनीचा कुठला रंग नावासकट, लांबीचे किती हात, रंगाचे किती हात, सीलिंग धरलंय का, दारं-ग्रिल वेगळी का. ऑइल पेंटचं काम नेहमी वेगळं काढा, एका लोखंडी ग्रिलला घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्राइमर) मारून दोन हात द्यायला आख्खा दिवस जातो आणि समुद्राच्या बाजूला तर गंजच इतका असतो की विचारू नका. सामान हलवणार कोण हेही लिहा. मुंबईच्या घरात सामान ठेवायला दुसरी खोली नसते, एक भिंत रिकामी करायची, रंगवायची, सामान तिकडे सरकवायचं, मग दुसरी, यात रोज दीड-दोन तास जातात आणि ते कोणी मोजतच नाही. आणि हो, खरवडलेला कचरा कुठे टाकणार? सोसायटीच्या डस्टबिनमध्ये टाकलात तर सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दारात उभा.

पैसे मी ४०-४०-२० घेतो. माल आणायच्या आधी ४० टक्के, लांबी होऊन पेपर मारला की ४०, शेवटचे २० सगळं पुसून दिल्यावर. काही पार्ट्या शेवटच्या २० साठी फिरवतात, सॉकेटच्या कडेला ठिपका आहे वगैरे. म्हणून शेवटच्या दिवशी संध्याकाळी आपणच त्यांच्याबरोबर फोकस लाइट तिरका धरून फिरायचं, जे दिसेल तिथे पेन्सिलने खूण, सकाळी टचअप, दुपारी पेमेंट.

टोकनचंही सांगतो कारण हे कोणी उघड बोलत नाही. रंगाच्या डब्यातून पेंटरसाठी टोकन किंवा स्कॅन करायचे पॉइंट मिळतात, सगळ्यांना माहितीये. पार्टीला वाटतं तुम्ही त्यासाठीच अमुक कंपनी सांगताय. मी सरळ सांगतो की मिळतात, ते मिस्त्रीला जातात, आणि तुम्हाला स्वतः माल आणायचा असेल तर आणा. असं बोललं की बहुतेक जण म्हणतात तुम्हीच आणा.

कागदपत्रं

इथे जास्त वेळ घालवू नका पण टाळूही नका. पॅन आणि धंद्याचं वेगळं बँक खातं पहिल्या दिवसापासून. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आधार-पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे, त्याचे हजार-दोन हजार मागणारे एजंट बरेच भेटतील, देऊ नका. गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, त्यात महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे माणसं मोजकीच असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, बँकवाले तीच पावती मागतात.

जीएसटी सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागतो. गंमत अशी की मालासकट काम घेतलं तर मालाचे पैसेही उलाढालीत मोजले जातात, त्यामुळे दोन-तीन मोठे फ्लॅट आणि एका सोसायटीचा जिना झाला की आकडा भराभर चढतो. पार्टीने माल स्वतः आणला तर तुमची फक्त मजुरी मोजली जाते. सुरुवातीला मी म्हणून निम्मी कामं मजुरीवरच घ्यायचो. आणि जीएसटी नंबर नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही, रंगाच्या डब्यावर १८ टक्के तुम्ही दुकानात भरता तो तुमच्या खर्चात धरा. सोसायटीचं काम केलंत तर त्या चेकमधून १ टक्का टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापतात, पॅन दिला नाही तर २० टक्के जातात, रिटर्न भरलं की कापलेला हिशोबात मिळतो. कर्ज हवंच असेल तर मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारण न ठेवता मिळतं, पण घोडी-ब्रशसाठी कर्ज काढू नका हो.

माणसं

पहिली दोन कामं स्वतः आणि एक हेल्पर एवढ्यात करा. नंतर माणूस लागला की नाक्यावरून आणावा लागेल, तिथे सकाळी ब्रश हातात धरून उभा असलेला प्रत्येक जण मिस्त्रीच असतो, ओळखायचं कसं तर त्याला कोपरा द्या. सपाट भिंतीवर कोणीही लांबी ओढतं, सीलिंग आणि भिंतीच्या सांध्याला पत्रा कसा फिरवतो ते बघा. हजेरी वहीत रोजच्या रोज लिहा, खाडा लिहा, उचल त्याच्या सहीने लिहा, शनिवारी हिशोब संपवा. उचलीवरून चांगली जोडी तुटताना मी पाहिलीये आणि त्यातला एक मीच होतो.

कॅलेंडर मात्र डोक्यात पाहिजे. गणपतीच्या आधी सगळ्या मुंबईला घर रंगवायचं असतं आणि नेमके तेव्हाच कोकणातले कारागीर गावी निघालेले असतात. दिवाळीआधी पुन्हा तोच धुमाकूळ, आणि दिवाळी झाली की छठसाठी बिहारची पोरं गेली. होळी-शिमग्याला दोन्हीकडचे जातात. तारीख कबूल करायच्या आधी माणसांना विचारा, त्यांचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं.

वर गणपतीआधीचा महिना म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर बाहेरचं काम घ्यायचंच नाही. आतलं घ्या पण दोन हातांमधला वेळ दुप्पट धरा, लांबी वरून सुकलेली वाटते आणि नख लावलं की आत ओली असते, त्यावर रंग मारला की महिन्याभरात फुगे. हिवाळ्यात सहा दिवसांत होणारी खोली श्रावणात नऊ दिवस घेते. मी एका वर्षी गणपतीआधी तीन घरं घेतली, झेपत होती दोन. तिसऱ्या घरी मखर आलं तेव्हा आम्ही अजून पेपर मारत होतो. त्या घरून नंतर एकही काम आलं नाही आणि यायलाही नको होतं.

सेफ्टीवर दोन गोष्टी, कंटाळा करू नका. बिल्डिंगच्या बाहेरचं परांचीचं आणि झुल्याचं काम पहिली काही वर्षं घेऊ नका, त्याला बेल्ट, दोर, विमा आणि अनुभवी टोळी वेगळी लागते. आतमध्ये बोर्डाजवळ ओलं खरवडताना मेन बंद. जुन्या लाकडी दारांवरचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका, घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीचे थर आत असू शकतात, ती धूळ नाकात नि लहान मुलांच्या पोटात जाते. पाणी मारून घासा, मास्क लावा, पोरांना दुसऱ्या घरी पाठवायला सांगा. थिनर-टर्पेंटाइनचा कॅन पिशवीत घालून लोकलने नेऊ नका, पेटणारा माल गाडीत न्यायला कायद्याने बंदी आहे आणि त्या गर्दीत ते डोक्यानेही बरोबर नाही. दुकानवाला टेम्पोने पाठवतो. माणसांचा पंतप्रधान सुरक्षा विमा बँकेतून वर्षाला २० रुपयांत निघतो, अपघाती २ लाखांचा. आणि बांधकाम कामगार मंडळात पेंटरची नोंदणी होते, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो त्यांना द्या, टाळाटाळ करू नका.

काम येणार कुठून

पहिली चार-पाच कामं ओळखीतूनच येतात. त्यानंतर सगळ्यात नियमित काम देतो तो भाड्याच्या घरांचा ब्रोकर. मुंबईत ११ महिन्यांचे करार, भाडोत्री बदलला की रंग. मालकाला स्वस्तात पाहिजे असतं, दोन हात, पांढरा नाहीतर ऑफ व्हाइट, चार दिवसांत चावी परत. नफा कमी पण घर रिकामं असतं, सामान हलवायचं नाही, आणि पैसे डिपॉझिटमधून कापलेले असतात म्हणून लवकर मिळतात. रिकाम्या आठवड्यांत हीच कामं पोट भरतात. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनशी दोस्ती ठेवा, भिंत फोडतात ते आणि रंगवतो आपण.

टॉवरमध्ये काम घेतलंत तर आधी ऑफिसमध्ये जाऊन नियम विचारा. बहुतेक ठिकाणी गेट पास, डिपॉझिट, सर्व्हिस लिफ्ट, संध्याकाळी सहाला बाहेर, दुपारी आवाज नाही, रविवारी बंद. म्हणजे चाळीत नऊ तास मिळतात तिथे इथे सहाच. रेट तसाच ठेवलात तर दिवस वाढून तुम्हीच मार खाणार. वॉचमनशी नीट बोला, पुढचं काम तोच सांगतो.

शेड निवडताना पार्टीला एकटं सोडू नका. कार्डावरचा चौकोन चारी भिंतींवर गेला की गडद वाटतो, त्यांना नेहमी एक शेड फिका घ्यायला सांगा आणि छोट्या सॅम्पलने दोन बाय दोनचा तुकडा मारून दिवसा नि रात्री बघायला लावा. नवराबायकोचं एकमत होईपर्यंत बाकीची कामं उरकून घ्या.

काम संपल्यावर उरलेला रंग पार्टीचाच असतो. काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून द्यायचा, वर चिठ्ठी चिकटवायची, कंपनी, शेडचा कोड, कुठली खोली, तारीख आणि आपला नंबर. खिळा काढला, सोफा घासला, पोराने पेनाने रेघा मारल्या की बरणी बाहेर येते आणि चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लागतो. माझ्या गेल्या वर्षीच्या कामांतली निदान पाच घरं त्या बरणीवरून आली, त्यातलं एक तर बरणी ज्यांना दिली त्यांच्या शेजाऱ्यांचं होतं.